'जमणार नाही' हे कोरियनमध्ये कसं सांगू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात एका कोरियन कंपनीत काम करणारी २६ वर्षांची मुलगी लिहिते. कोरियन शिकायला लागून चार वर्षं झाली, टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी पास आहे. गेल्या महिन्यात एका शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता तिच्या साहेबांनी, म्हणजे बुजांगनिमनी, मशीनचं ४० पानांचं माहितीपुस्तक तिच्या हातात ठेवलं आणि सोमवारपर्यंत भाषांतर मागितलं. रविवारी मावसताईचा साखरपुडा. तिने पुस्तकात शिकल्याप्रमाणे 'हाल सु ऑप्सुम्निदा' असं सांगितलं. साहेब क्षणभर गप्प राहिले, 'आल्गेस्सुम्निदा' (समजलं) म्हणाले आणि निघून गेले. त्याआधी एकदा, कोरियाहून आलेल्या तंत्रज्ञांबरोबर दुभाषी म्हणून उभी राहशील का, असं विचारल्यावर ती 'मोथेयो' म्हणाली होती. आता दोन्ही कामं शेजारच्या टेबलावरच्या मुलाकडे जातात. ऑफिसातली मैत्रीण सांगते, 'कोरियन साहेबाला नाही म्हणायचंच नसतं. ने, आल्गेस्सुम्निदा, म्हणजे हो, समजलं, म्हणायचं, पुढचं पुढे बघू.' येत्या महिन्यात ताईचं लग्न आहे आणि शुक्रवारची रजा हवी आहे. तिचा प्रश्न: 'ताई, कुठेही चालेल असं सगळ्यात नम्र एकच वाक्य सांगाल का?'

प्रिय मैत्रिणी,

तुझं वाक्य व्याकरणाने अचूक होतं. पेपरात पूर्ण गुण मिळाले असते. म्हणूनच तर तुला कळेना की बिनसलं कुठे.

'हाल सु ऑप्सुम्निदा' मराठीत आणून बघ. तू ते 'मला नाही हो जमणार' अशा भावाने म्हणालीस, पण साहेबांच्या कानावर पडलं ते साधारण 'हे शक्य नाही' असं. ही रचना नियमावलीत शोभते, 'आत जाता येणार नाही' अशा पाटीवर शोभते. तिच्यात उद्धटपणा नाही, पण समोर माणूस उभा आहे याची दखलही नाही. शुक्रवारी संध्याकाळी तुझ्या हाताखालच्या मुलाने स्क्रीनवरून नजर न काढता 'शक्य नाही' म्हटलं, तर तूही क्षणभर गप्पच राहशील.

तरी तू मागितलेलं ते एकच वाक्य मी देणार नाही. कारण नम्रता ही नंतरची गोष्ट. कोरियन भाषा त्याआधी एक प्रश्न विचारते: बाई, तुला जमत नाही म्हणजे नेमकं काय होतंय? मन नाही, सवड नाही, येत नाही, की परवानगी नाही? याचं उत्तर तुझ्याकडे तयार नसेल तर क्रियापदाला कितीही मऊ शेपूट लावलं तरी वाक्य चुकीच्या जागी जाऊन बसतं. तुझ्या पत्रातले दोन्ही प्रसंग तसेच आहेत.

गंमत अशी की हे वाटप मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. 'मी लग्नाला येणार नाही' आणि 'मला लग्नाला येता येणार नाही' ही दोन वाक्यं मावशीला फोनवर सांगून बघ. पहिल्यानंतर वर्षभर अबोला, दुसऱ्यानंतर 'अगं, काय झालं?' कोरियनमध्ये पहिल्यासाठी 'आन' आणि दुसऱ्यासाठी 'मोत'. 'आन गायो' म्हणजे जात नाही, माझं ठरलंय. 'मोत गायो' म्हणजे जायचं होतं, पण काहीतरी आडवं आलं. बोलताना त्याचा 'मोक्कायो' होतो. (देवनागरीत कोरियन उच्चार तंतोतंत बसत नाहीत. तुला हांगुल, म्हणजे कोरियन लिपी, येतंच, बाकीच्यांनी अंदाजाने वाचावं.)

या 'मोत'ला जुनी परंपरा आहे. सेजोंग राजाने १४४३ मध्ये हांगुल लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये ती जाहीर केली. त्या वेळच्या प्रस्तावनेचं कोरियन रूप १४५९ च्या एका ग्रंथाच्या सुरुवातीला छापलेलं मिळतं. त्यात राजा म्हणतो की आपली बोली चिनी अक्षरांशी जुळत नाही, म्हणून साध्या लोकांना सांगायचं असूनही मनातलं शेवटी मांडता येत नाही. 'जुळत नाही' इथे 'आनी' आहे, आणि 'मांडता येत नाही' इथे 'फ्यॉदी मोत'. म्हणजे तू ऑफिसात अडखळतेस तो फरक पावणेसहाशे वर्षांपूर्वी एकाच वाक्यात नांदत होता, आणि तेही 'मनातलं सांगता येत नाही' या तक्रारीत. मला हे आठवलं की आपलं अडखळणं फार लाजिरवाणं वाटत नाही.

पुढचा प्रकार म्हणजे 'मला पोहता येत नाही'. इथे सवडीचा प्रश्न नाही, कसब नाही. त्यासाठी '-ल जुल मोरुदा', शब्दशः 'कसं करायचं ते माहीत नाही'. गाडी चालवता येत नसेल तर 'उन्जॉनहाल जुल मोल्लायो'.

आणि एक प्रकार तर आपल्या मराठीचा दागिना आहे. 'मला आता खाववत नाही.' 'बघवत नाही.' 'चालवत नाही.' ताटात पुरणपोळी आहे, हात आहेत, भूकही मघाशी होती, पण आता होत नाही. मी शिकत असताना '-गेस्सॉयो' हे शेपूट भविष्यकाळाचं म्हणून पाठ केलं होतं, त्यामुळे 'मोन मॉक्केस्सॉयो' ऐकलं की गोंधळ व्हायचा. ते खाणार नाही नव्हतं, खाववत नाही होतं. त्या दिवसापासून हा प्रयोग मला कधी अडला नाही. पण यातच एक खड्डा आहे. कामाबाबत साहेबांना 'मोथागेस्सुम्निदा' म्हणालीस तर त्याचा सूर 'माझ्याच्याने आता होणे नाही' असा लागतो, राजीनाम्याच्या आदल्या दिवशीचा. उलट तेच '-गेस-' 'माहीत नाही'ला लागलं की वाक्य मऊ होतं: 'मोल्लायो' म्हणजे 'मला नाही माहीत', आणि 'जाल मोरुगेस्सुम्निदा' म्हणजे 'नीटसं सांगता येणार नाही'. म्हणून 'गेस लावलं की नम्र झालं' असं सूत्र वहीत लिहिलं असशील तर खोडून टाक.

राहिलं 'आन द्वेयो'. हे आपलं 'चालणार नाही'. आई मुलाला म्हणते, पहारेकरी म्हणतो. मी दुभाषी म्हणून नवी असताना वयाने बापासारख्या पाहुण्यांना 'उद्या सकाळी आन द्वेयो' असं हसत हसत सांगितलं होतं. मला म्हणायचं होतं 'उद्या सकाळचं नाही जमायचं', पण मी त्यांना जवळजवळ मनाई केली होती. ते हसले, हे त्यांचं मोठेपण.

आता तुझा 'मोथेयो'. इथे खरं नुकसान झालं आहे आणि ते तुझ्या लक्षात आलेलं नाही. 'मोत' आणि 'हेयो' सुटे लिहिले तर अर्थ होतो 'करता येत नाहीये', काहीतरी अडचण आहे. एकत्र लिहिले तर अर्थ होतो 'मला चांगलं येत नाही', म्हणजे 'गाणं मोथेयो' म्हणणारा बेसूर. कागदावर एका मोकळ्या जागेचा फरक, आणि कानाला तोही नाही, दोन्ही 'मोथेयो'च. तू बहुधा म्हणत होतीस की या मशीनचे शब्द मला माहीत नाहीत, आज नको. साहेबांनी ऐकलं असणार की हिचं दुभाषी म्हणून काम कच्चं आहे. मग त्यांनी ते काम दुसऱ्याला दिलं. ते रागावले म्हणून दिलं, असं तू गृहीत धरलं आहेस. मला तर वाटतं त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला. तूच म्हणालीस येत नाही, तर ते कशाला पुन्हा विचारतील?

'आल्गेस्सुम्निदा'चंही तसंच. त्या शब्दात राग शोधू नकोस. 'समजलं', एवढंच. त्यांची क्षणभराची शांतता कदाचित सोमवारची असेल. त्यांना सोलला काय कळवायचं, हा हिशेब ते मनात करत असतील. तिथलं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. मुख्यालयाची, 'बोन्सा'ची, सकाळी ९ ची बैठक म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. म्हणून कोणी 'सोमवारपर्यंत' म्हटलं की आधी विचार, तुमचा सोमवार की आमचा? निम्म्या वेळा उत्तर 'सोमवारी संध्याकाळी चालेल' असं येतं आणि नकाराची वेळच टळते.

आणि मैत्रिणीचा सल्ला. 'कोरियन माणसाला नाही म्हणायचंच नसतं' हे तिचं निरीक्षण अर्धं खरं आहे. 'नाही' हा शब्द तिथे कमी ऐकू येतो, पण नकार दिवसभर दिला जातो. त्याचा वेश वेगळा असतो, इतकंच. 'जोम ऑर्यॉउल गॉत गाथायो', म्हणजे 'जरा अवघड जाईल असं वाटतं', हा पूर्ण नकार आहे. आपल्याकडे 'अवघड आहे' म्हणजे 'प्रयत्न करू, चहा सांगा'. मागे साहेबांनी तुला असं काही सांगितलं आणि तू दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला गेलीस, असं झालंय का, आठवून बघ. 'गॉमथोहे बोगेस्सुम्निदा', म्हणजे 'तपासून बघतो', हे तर आपल्या 'बघतो'चं सख्खं भावंड. कधी खरंच तपासतात, बऱ्याचदा फाईल तिथेच राहते. पण 'ने, आल्गेस्सुम्निदा' मात्र या गटात मोडत नाही. काम सांगितल्यावर तो शब्द म्हणजे स्वीकार. तो देऊन सोमवारी रिकाम्या हाताने जाणं हे शुक्रवारच्या कोरड्या नकारापेक्षा कितीतरी महाग पडतं, कारण दरम्यान साहेबांनी तो शब्द स्वतःच्या नावावर वर कळवलेला असतो.

तर तुझा शुक्रवार पुन्हा उभा करू. काय झालं असतं तर बरं, ते सांगते.

सुरुवात कुशनने. कोरियन ऑफिसात 'खुशॉनॉ', कुशन-शब्द, असंच म्हणतात: 'ज्वेसोंगहाजिमान', माफ करा पण. एकदाच. तीनदा म्हटलं की माफीचं ओझं समोरच्यावर येतं, त्याला तुझी समजूत काढावी लागते. मग कारण, आणि ते '-ऑसॉ'ने जोडायचं: 'जिबान हेंग्सागा इस्सॉसॉ', घरचं कार्य असल्यामुळे. इथे 'इस्सुनिक्का' म्हणू नकोस. तेही 'असल्यामुळे'च, पण त्यात 'कार्य आहे ना, मग कसं करणार' असा ठसका येतो, आणि माफीच्या शब्दाबरोबर ते व्याकरणातही बसत नाही. उशीर झाला तर 'नुजॉसॉ ज्वेसोंगहाम्निदा'च म्हणतात. कारण सांगायचं नसेल तर 'गेइन साजॉंग', वैयक्तिक अडचण, एवढं पुरतं. पण माझं मत विचारशील तर साखरपुडा लपवू नकोस. लग्नकार्य आणि मयत यांना मिळून कोरियनमध्ये 'ग्यॉंगजोसा' असा एक शब्दच आहे, आणि सहकाऱ्याच्या घरी लग्न असलं की पाकिटात पैसे घालून द्यायची रीत तिथेही आहे, आपल्या आहेरासारखी. 'त्यांना आपल्या घरच्या कार्याचं काय कळणार' हा समज तू मनातून काढून टाक. अशा गोष्टी त्यांना चांगल्या कळतात.

मग नकार: 'वॉर्योइल्क्काजीनुन जोम ऑर्यॉउल गॉत गात्सुम्निदा.' यातल्या लांबलचक शेपटाकडे सगळे बघतात, मला मात्र तो छोटा 'नुन' आवडतो. 'वॉर्योइल्क्काजी' म्हणजे सोमवारपर्यंत. त्याला 'नुन' लागला की 'सोमवारपर्यंत तरी'. एका अक्षराने सांगितलं जातं की अडचण सोमवारची आहे, कामाची नाही आणि तुमचीही नाही. ऐकणारा आपोआप विचारतो, मग कधी? आणि त्याने विचारायच्या आत तू सांगायचं: 'सुयोइल्क्काजीनुन क्कोक दुरिगेस्सुम्निदा', बुधवारपर्यंत नक्की देते. 'दुरिदा' हे मोठ्यांना देण्याचं क्रियापद, ते विसरू नकोस. आणि इथे 'वाटतं', 'जरा', 'बहुतेक' यातलं काहीही लावायचं नाही. नकार जितका मऊ, होकार तितका टणक हवा. आपण नेमकं उलटं करतो: नाही म्हणताना ताडकन, आणि हो म्हणताना 'करते हं, बघते'.

वाक्य अर्धवट सोडणं हाही एक मार्ग. 'थोयोइरुन जोम...' म्हणजे शब्दशः 'शनिवारचं जरा...' आणि पुढे काही नाही, फक्त श्वास. आपल्यासारखंच आहे हे. किंवा 'याक्सोगी इन्नुनदेयो', 'ठरलंय हो एक', आणि तिथेच थांबायचं. समोरच्याच्या मनातलं ओळखण्याला तिथे 'नुन्छी' म्हणतात, आणि उरलेलं वाक्य त्या नुन्छीने पुरं करायचं असतं. मित्रमंडळींत, बरोबरीच्या सहकाऱ्यांत हे सुरेख चालतं. साहेबांनी तारीख मागितलेली असताना चालत नाही, तिथे वाक्य पूर्ण कर. लिहून कळवायचं असेल, म्हणजे मेलवर, तर 'मोत' क्रियापदाच्या आधी न ठेवता लांब रूप घे: 'छामसॉखाजी मोथाल गॉत गात्सुम्निदा', उपस्थित राहता येईलसं वाटत नाही. मेलमध्ये हेच बरं दिसतं, जिन्यात भेटल्यावर तेच फार इस्त्रीचं वाटतं.

एक मात्र स्पष्ट सांगते. दर शुक्रवारी पाच वाजता ४० पानं येत असतील तर तो प्रश्न क्रियापदांच्या शेपटांचा राहत नाही. तेव्हा मनुष्यबळ विभागात जाऊन, मराठीत किंवा इंग्रजीत, कामाच्या तासांबद्दल सरळ बोल. तुझ्या पत्रात एकदाचंच उदाहरण आहे, म्हणून मी व्याकरणावर एवढी रेंगाळले.

दुभाष्याचं काम परत हवं असेल तर ते आपणहून माग, वाट बघत बसू नकोस. 'थोंगयॉगुन हाल सु इन्नुनदे, गिग्ये योंगॉनुन आजिक जाल मोरुगेस्सुम्निदा', दुभाषी म्हणून करू शकते, पण मशीनचे शब्द अजून नीट येत नाहीत. 'आजिक' म्हणजे अजून. तो शब्द गाळलास तर पुन्हा 'मोथेयो'च्या वाटेला लागशील. आणि पुढे जोड, 'मिरी जार्योरुल जुसिम्यॉन जुन्बिहागेस्सुम्निदा', आधी कागद मिळाले तर तयारी करून येईन.

आता रजा. ती महिनाभर आधी माग, म्हणजे उद्याच. 'साछोन ऑन्नी ग्यॉल्होनशिगी इस्सॉसॉ, गुम्योइरे ह्युगारुल स्सुल सु इस्सुल्क्कायो?' ताईचं लग्न असल्यामुळे शुक्रवारी रजा घेता येईल का? बघ, यात तोच 'सु' आहे ज्याने तुझा घात केला होता. 'ऑप्सुम्निदा'बरोबर तो भिंत झाला होता, 'इस्सुल्क्कायो'बरोबर दार ठोठावतो आहे. हे म्हणून झाल्यावर थांब, लगेच 'नाही दिली तरी चालेल' म्हणू नकोस.

आणि लग्नाहून परत येशील तेव्हा पेढ्यांचा एक पुडा ऑफिसात ने. कोरियात अशा वेळी भाताच्या पिठाचे 'त्तॉक' वाटतात, त्यामुळे पुडा कशाचा हे समजवावं लागणार नाही. पहिला पेढा शेजारच्या टेबलावरच्या त्या मुलाला दे. तुझी ४० पानं त्याने केली आहेत.